घोळीच्या भाजीतली अळी

न्हाणीघराच्या दाराची आतली कडी मी स्वतः काढली. आमच्या ह्यांचं सात रस्ता चौकात मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे घरात स्क्रूड्रायव्हरला तोटा नाही. स्क्रू काढले, कडी ह्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही घरात नको. कुठंतरी ठेवा." कडी आणि स्क्रू रुमालात बांधून ते खाली गेले.

मुलगी एकोणीस वर्षांची. मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला दुसऱ्यांदा बसली होती. निकाल लागला त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून झोपली, ती झोपलीच. डॉक्टर व्हायचं तिचं तिनंच शाळेत असताना ठरवलं होतं, आम्ही कुणी मागे लागलो नव्हतो. नातेवाइकांना हे पटत नाही. त्यांना आईबापांना दोष देण्यात जी मजा येते ती मी का घालवू? आधी तिनं जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं, मग केस विंचरणं. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते, तर भिंतीकडे बघतच म्हणाली, "आई, मी नसते तर तुमचं किती सोपं झालं असतं." आवाजात रडं नव्हतं, राग नव्हता. भाजी काय करायची ते सांगावं तसं सांगितलं.

आम्ही तिला मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, लागू पडायला वेळ लागतो, तोवर तिला एकटं सोडू नका. कडीचं त्यांनीच सांगितलं.

मी मुळात भांडकुदळ बाई. आमच्या गल्लीत माझ्या आवाजावरून लोक घड्याळ लावतात. त्या दिवसांत मी घरात कुजबुजत बोलत होते. स्वयंपाक करताना दर पाच मिनिटांनी तिच्या खोलीत डोकावायचं, चादर वर-खाली होतेय का बघायचं आणि परत कणकेत हात घालायचा. कुणी विचारलं तर सांगायची, अशक्तपणा आलाय. देव पाण्यात घालून बसणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आमच्या गच्चीवर कुंड्या आहेत. त्यांत मी लावते ते जगत नाही आणि न लावलेली घोळ मात्र माजते. त्या दिवशी मी सगळी घोळ उपटून आणली. मुगाची डाळ घालून केलेली घोळीची भाजी तिला लहानपणापासून आवडायची. तिच्याच खोलीत जमिनीवर बसून मी भाजी निवडत होते. एक काडी उचलली तर बोटाशी काहीतरी काळं, काटेरी वळवळलं. मी किंचाळून ते फरशीवर टाकलं आणि चप्पल उचलली.

"मारू नको."

मी चप्पल तशीच हातात धरून मागं बघितलं. ती कुशीवर वळली होती. किती दिवसांनी तिचं तोंड मला असं समोरून दिसत होतं.

"अगं, खाजरी अळी आहे. अंगाला लागली तर पित्त उठेल."

"मारू नको," ती परत म्हणाली. उठली. पानाच्या आडोशानं अळी उचलली, कांदे ठेवायच्या जाळीच्या टोपलीत सोडली, वर चार काड्या घातल्या आणि माझी जुनी नायलॉनची ओढणी बांधली. टोपली खिडकीत ठेवून पुन्हा झोपली. सगळं मिळून एवढंच झालं. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. मला अळीचा मिळाला. त्या क्षणापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली, की ही अळी मरता कामा नये. वेड्यासारखा विचार होता, पण मी त्याला वेडेपणा म्हणायला तयार नव्हते.

आता अळी जगवायची तर ती कोण, कुठली, काय खाते, हे कळायला पाहिजे. मुलीला विचारायची सोय नव्हती, ती परत भिंतीकडे वळली होती. मी गच्चीवर गेले. मला आठवत होतं की या कुंड्यांवर एक तांबूस फुलपाखरू घिरट्या घालायचं. पंखांची टोकं काळी, त्यावर पांढरा पट्टा. कुंडीत फुलं नसताना ते घोळीवर बसायचं आणि शेपूट खाली टेकवायचं. तेव्हा मला वाटायचं, दमलं असेल. माझं नशीब, ते त्या दिवशीही आलं. मी फोनवर त्याचा फोटो काढला आणि फोटोवरून नाव सांगणाऱ्या ॲपला दाखवला. ॲपनं जराही न अडखळता सांगितलं, प्लेन टायगर. खाली लिहिलं होतं की याची अळी रुईच्या पानांवर वाढते.

रुई! मी तिथंच हात जोडले. निकालाच्या आधीपासून मी दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालत होते. आधी मार्कांसाठी, मग नुसत्या तिच्या जिवासाठी. आणि आता देवानंच ही रुईवरची अळी माझ्या घरात धाडली होती, याहून स्पष्ट कौल काय असतो? बिचारी वाट चुकून घोळीवर आली असणार. दुसऱ्या दिवशी श्रावणातला शनिवार होता. मी माळ वाहिली, पुजाऱ्याकडून प्रसादाची म्हणून आदल्या भक्ताची एक माळ मागून घेतली, घरी आले आणि टोपलीतल्या सुकलेल्या घोळीच्या काड्या काढून देवाची पानं घातली. मारुतीच्या गळ्यातलं पान खाऊन कुणाचं वाईट होतं का? माझ्या घरात, माझ्या गल्लीत, कुणीही हेच केलं असतं.

अळीनं त्या पानांना तोंड लावलं नाही.

संध्याकाळी बघितलं, नाही. रविवारी सकाळी बघितलं, नाही. ती टोपलीच्या कडेनं नुसती फिरत होती, वर जायची, ओढणीपाशी थांबायची, परत खाली यायची. मी पानं बारीक चिरून बघितली. कोवळा शेंडा बघितला. तिच्याशी बोलले, "खा की गं बाई. माझ्यासाठी नको, हिच्यासाठी खा." खोलीच्या एका अंगाला ती उपाशी अळी आणि दुसऱ्या अंगाला पलंगावर माझी पोर, तिच्या उशाशी कालची भाकरी तशीच झाकलेली. मी कुणाकुणाला भरवू? मला वाटलं, घरालाच काहीतरी लागलंय. इथं आता कुणी काही खाणारच नाही.

रविवारी दुपारी अळी तळाशी निपचित पडली. मी टोपली हलवली, तरी हलली नाही. मला आवरलं नाही आणि माझा हुंदका मोठ्यानं बाहेर पडला.

मुलगी उठून बसली. टोपलीत बघितलं. एक पान उचलून नाकाशी नेलं, बोटानं चोळलं. बोटाला शेंदूर आणि तेल लागलं.

"आई, हे काय घातलंस?"

"रुई. मारुतीची."

"का?"

मी फोन दाखवला. तिनं फुलपाखराचा फोटो बघितला, अळी बघितली. कपाळाला आठ्या घातल्या. त्या आठ्या बघून मला कोण आनंद झाला! अभ्यास करताना तिच्या कपाळावर अशाच आठ्या पडायच्या.

"रुईवरच्या अळीला काटे नसतात," ती म्हणाली. "तिच्या अंगावर पट्टे असतात. ही ती नाही."

"मग ही कोण?"

"माहीत नाही. पण घोळीवर सापडली ना? मग घोळ खात असेल. घोळ आण."

घोळ कुठून आणू? कुंडीतली सगळी उपटून मी भाजी करून बसले होते आणि ती भाजीही कुणी खाल्ली नव्हती. मी पिशवी उचलली. आमचे हे दुकान बंद करून घरी आले होते, त्यांना तिच्यावर लक्ष ठेवायला दाराशी बसवलं. मी चपला घालत होते तर ती आतून म्हणाली, "मंडईतल्या भाजीवर फवारलेलं असतं. ते खाल्लं तर मरेल. भोकं पडलेली बघून आण."

मंडईत मी घोळीच्या गड्ड्या उलट्यापालट्या करत हिंडले. सगळी भाजी ताजी, तुकतुकीत, पाणी मारलेली. जन्मभर मी अशीच भाजी मिळावी म्हणून भाजीवाल्यांशी भांडले आणि त्या दिवशी ती हिरवीगार पानं बघून माझ्या जिवाचं पाणी होत होतं. शेवटी मंद्रूपकडची एक म्हातारी पोत्यावर भाजी मांडून बसली होती, तिच्यापुढं मी उकिडवी बसले.

"मावशी, किडकी घोळ आहे का?"

"आं?"

"भोकं पडलेली. अळी असलेली असली तर फारच बरं."

म्हातारीचं डोकंच फिरलं. "सकाळच्या पारी मोडून आनलीया भाजी, आनि किडकी म्हनती व्हय? अळी-बिळी न्हाय माज्या भाजीत! घ्यायची तर घे, न्हायतर ऊठ." मग शेजारणीकडं वळून कानडीत म्हणाली, "ई अक्कगं हुळ बेकंत!" ह्या बाईला म्हणे किडा पाहिजे. माझं माहेर अक्कलकोटकडचं, मला ते कळणार नाही असं तिला वाटलं असावं. शेजारीण खदखदून हसली.

एरवी मी दोघींना त्यांच्याच भाषेत सोलून काढलं असतं. पण त्या दिवशी नाही. मी त्या पोत्यासमोर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायात बसून रडायला लागले. कानडीतच म्हणाले, लेकीसाठी पाहिजे, लेक आजारी आहे, तिनं अळी पाळली आहे, अळी उपाशी आहे. स्वतःच्या कानांनी ऐकताना मलाच ते खुळ्यासारखं वाटत होतं.

म्हातारीनं शेजारणीला हातानं थांबवलं. मग पोत्यामागं हात घालून तिनं एक चिरगुटाचं गाठोडं ओढलं. "ही शेळीसाटी ठिवलीया. बांदावरची हाय, फवारा न्हाय. खाल्लेली हाय बग." पानांना चाळणीसारखी भोकं. सगळं गाठोडं तिनं माझ्या पिशवीत ओतलं, पैसे घेतले नाहीत. "शेळीला पाला लई हाय," म्हणाली.

रिक्षात बसून मी ती पिशवी मांडीवर घेऊन आले. घरी अळी अजून तशीच पडलेली. मुलीनं एक काडी तिच्या तोंडाशी ठेवली. आम्ही दोघी फरशीवर पालथ्या पडून बघत होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग अळीचं डोकं हललं. त्या डोक्यावर दोन शिंगं आहेत हे मला तेव्हाच दिसलं. तिनं पानाची कड धरली आणि खायला लागली. खाली-वर, खाली-वर, कड कातरत.

"भूक लागली होती तिला," मुलगी म्हणाली.

मी मनात म्हटलं, तुला? ताटात भात कालवून आणला आणि टोपलीशेजारी ठेवून दिला. तिनं चार घास खाल्ले. नजर टोपलीतच होती.

पुढचे काही दिवस बरे गेले असं मला लिहायला आवडलं असतं. तसं नव्हतं. एक दिवस ती उठून अळीला पाला घालायची, दुसऱ्या दिवशी डोळेही उघडायची नाही. मी पाला घातला तर चिडायची, नाही घातला तरी चिडायची. अळीनं कात टाकली, जाडजूड झाली, टोपली विष्ठेनं भरायला लागली. एका सकाळी अळी ओढणीला शेपटानं चिकटून डोकं खाली करून लोंबली. मला वाटलं, संपलं. मुलीनं सांगितलं, कोष करतेय. अळीची कातडी पाठीवर उकलली आणि आतून तपकिरी, खडबडीत काहीतरी निघालं. सुकलेल्या पानाच्या चुरगाळ्यासारखं.

आणि मग काहीच नाही. अळी निदान खात तरी होती, हलत तरी होती. आता ते तपकिरी बोंड नुसतं लटकत होतं आणि त्याच्यासमोर माझी मुलगी गुडघ्यांना मिठी मारून बसलेली असायची. ती काय बघते आणि काय ठरवते, मला कळत नव्हतं. एकदा ती म्हणाली, "आतमध्ये तिचं सगळं विरघळतं, आई. डोळे, पाय, सगळं. मग परत होतं." मी विचारलं, "आणि नाही झालं तर?" विचारल्याबरोबर मी जीभ चावली. ती म्हणाली, "मग नाही होत."

त्या दिवसापासून मी मारुतीशी भांडायला लागले. माळ घालायची आणि मनात म्हणायची, हे बाहेर नाही आलं तर परत तुझं तोंड बघणार नाही. देवाला धमकी देण्यापर्यंत मजल गेली होती.

एका सकाळी मी उठून टोपली बघितली तर कोष काळा पडला होता. पार काळा, कुजल्यासारखा. मी ह्यांना उठवून दाखवला. ह्यांनी चष्मा लावून बघितलं आणि हळूच म्हणाले, "गेलं गं हे." जळलेली मोटर रोज बघणारा माणूस, त्यांचं म्हणणं मी खोटं कसं धरू? "ती उठायच्या आत टाकून ये," ते म्हणाले. "उडून गेलं म्हणून सांगू."

खाली घंटागाडीचं गाणं वाजत होतं. मी टोपली घेऊन गाऊनवरच खाली पळाले. गाडीवरच्या माणसानं हात पुढं केला, "द्या की, बाई." मी टोपली पुढं केली पण माझ्या हातून ती सुटेना. तो परत म्हणाला, "द्या की." मागच्या बायका बादल्या घेऊन थांबल्या होत्या. मी विचार करत होते, उडून गेलं म्हटलं तर ती विचारेल, मग कोषाचं टरफल कुठाय? तिला सगळं कळतं. खोटं पडल्यावर ती माझ्याकडं बघेल का परत कधी? आणि खरं सांगितलं तर? दोन्हीकडं विहीरच होती. "नाही द्यायची," मी त्याच्यावर ओरडले आणि जिना चढले.

ती दारात उभी होती.

"कुठं नेलीस?"

तिनं टोपली घेतली, उजेडाला धरली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघायचं धाडस करत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते.

"आई," ती म्हणाली, "आतून ठिपके दिसतायत. पांढरे. पंख आहेत हे. मेलं नाही."

चहा करायचा राहिला, दुकान उघडायचं राहिलं. आम्ही तिघं खिडकीशी बसलो. कोष पुढून फाटला आणि एक ओला, चुरगळलेला गोळा पाय झाडत बाहेर आला. पंख कुठले, नुसत्या चिंध्या. हे तर पांगळं जन्मलं, असं वाटून मी ते पंख सरळ करायला ओढणीची कड उचलून बोट पुढं केलं, तर तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "हात लावू नको. त्याचं त्याला करू दे." मनगट तिनं सोडलं नाही. किती दिवसांनी ती मला धरत होती! मी हलले नाही. फुलपाखराचं काही का होईना, एवढा वेळ हा हात असाच राहू दे, असं मला वाटत होतं.

पंख हळूहळू पसरले. काळेभोर, मखमली, आणि त्यावर पांढरे गोल, गोलांच्या कडेला निळसर झाक. तांबडा रंग औषधालाही नव्हता.

"हे कुठलं?" मी घाबरले. "आपलं तांबडं होतं."

ती फोनवर शोधत होती. "हा नर आहे. छोटा चांदवा म्हणतात. तुला गच्चीवर दिसली ती याची मादी. ती रुईवरच्या फुलपाखरासारखी दिसते. रुई खाणारी कडू लागतात, म्हणून पक्षी त्यांना तोंड लावत नाहीत. ही कडू नाही, नुसती तशी दिसते आणि वाचते. मागच्या पंखावरचे ठिपके मोजले असतेस तर कळलं असतं."

"म्हणजे मारुतीचा काही संबंध नव्हता?"

"नव्हता, आई." आणि ती नाकातून फस्सकन हसली.

पंख वाळल्यावर तिनं ओढणी सोडली. फुलपाखरू थोडा वेळ खिडकीच्या गजावर बसलं आणि गेलं. ती मागं वळली. मला वाटलं, आता परत पलंग.

"मला आंघोळ करायचीय," ती म्हणाली. "डोक्यावरून." मग न्हाणीघराच्या दाराकडं बघून म्हणाली, "कडी लावून दे आधी."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी ह्यांच्याकडं. गोळ्या लागू पडल्या होत्या की अळी, मला माहीत नव्हतं, आजही नाही. डॉक्टरांना फोन करावा, नको म्हणावं, निदान उद्यावर ढकलावं, असं शंभरदा मनात आलं. मग मी म्हटलं, "लावा."

कडी स्कूटरच्या डिकीत होती, रुमालात बांधलेली, तशीच. बारीक तारा गुंडाळून ज्यांचा जन्म गेला त्या माणसाच्या हातातून स्क्रू दोनदा खाली पडला. ती टॉवेलही न घेता आत गेली. कडी लागली.

मी दाराबाहेर फरशीवर बसले. बादली भरली. तांब्या बुडाल्याचा आवाज, पाणी पडल्याचा आवाज, परत तांब्या. मी प्रत्येक तांब्याला कान लावून होते. मग आवाज थांबला. मी थांबले. काहीच येईना. मी दारावर तळवा टेकवला, हाक मारायला तोंड उघडलं.

"आई, तिथंच बसलीयस ना? टॉवेल दे."

आतून कडी सरकली आणि ओला हात बाहेर आला.